मातीची चुगली

रेणुका इढोळेचं वावर म्हणजे सारवलेलं अंगण, असं धामणखेडात म्हणत. सोयाबीनच्या दोन तासांमध्ये, म्हणजे ओळींमध्ये, गवताची काडी औषधालाही सापडायची नाही. घरात नवी सून आली की सासू तिला मुद्दाम त्या बांधावरून न्यायची आणि म्हणायची, "पाहून घे वं, वावर असं ठेवा लागते." असं काही कानावर पडलं की रेणुका मान वर करत नसे. वाकून काम करत राही. पण त्या संध्याकाळी तिच्या भाकरी जरा जास्तच गोल होत.

बांधाच्या पलीकडचं वावर तिच्या धाकट्या जावेचं, हर्षाचं. सासऱ्यांच्या मागे भावाभावांत वाटणी झाली, तेव्हा एकाच तुकड्याचे दोन झाले होते. माती तीच, पाऊस तोच. पण हर्षाचं वावर म्हणजे गबाळ. मळणीनंतर उरलेला भुसा, कुटार, ती पेटवत नसे, वावरातच पसरून द्यायची. सोयाबीनमध्ये तूर, तुरीच्या कडेला ज्वारी, बांधावर तरोटा माजलेला. गावावरून तणनाशक फवारणारे ड्रोन फिरू लागले, तेव्हा तिने आपल्या चारी कोपऱ्यांवर लाल फडकी बांधली आणि ड्रोनवाल्याला बजावलं, "एक थेंब इकडं पडला तं तुयं पाखरू गोफणीनं पाडीन." लोक म्हणत, हर्षाच्या वावरात सापसुद्धा वाट चुकतो. या विनोदावर सगळ्यांत मनापासून रेणुका हसायची.

मग चुगली आली.

चुगली म्हणजे एक यंत्र; कंपनीनं ठेवलेलं त्याचं नाव लांबलचक होतं. गावाने एका दुपारीत त्याचं बारसं करून टाकलं. नागपूरची एक कंपनी सोयाबीनचं दूध आणि पनीर करायची. तिच्या गिऱ्हाइकांना आता नुसतं दूध पुरत नव्हतं. ज्या मातीतून ते आलं ती जिवंत आहे का, हेही त्यांना पाहायचं होतं. शहरातली आई पोराच्या हातात पेला देण्याआधी पिशवीवरची खूण फोनला दाखवायची आणि शेताचं नाव वाचायची. त्या नावाच्या मागे चुगली उभी होती.

सोयाबीनचा दाणा दिसायला सगळीकडे सारखाच: पिवळा, गुळगुळीत, कुशीला एक डोळा. पण दाणा कधीच एकटा नसतो. चिमूटभर मातीत डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची गावंच्या गावं नांदतात. काही जीव मुळांना गाठी आणतात आणि हवेतला नत्र धरून झाडाला देतात. काही कुजलेलं खातात, काही एकमेकांना खातात. त्यांतले थोडे मुळातून खोडात, खोडातून शेंगेत आणि शेंगेतून दाण्यात चढतात आणि तिथे गुपचूप बसून राहतात. कोण किती चढले, याचं प्रमाण प्रत्येक वावराचं निराळं. एकाच म्हशीचं दूध दोन घरी विरजलं तरी दह्याची चव दोन तऱ्हेची लागते, तसंच हे. चुगली मूठभर दाणे दळायची, आतल्या जिवांची जनुकं वाचायची आणि सांगायची, हा ठसा कोणत्या वावराचा आणि तिथली माती जागी आहे, पेंगलेली आहे, की निजलेली.

कंपनीकडून यंत्र घेऊन आली ती तहसीन नावाची मुलगी. चटपटीत होती, पण बोलताना समोरच्याचं मन जपायची. समाजमंदिरात सगळं गाव जमलं. प्रत्येकाच्या पोत्यातली मूठ यंत्रात पडायची, थोडी घरघर व्हायची आणि भिंतीवर अक्षरं उमटायची.

"पुरुषोत्तम आणि रेणुका इढोळे," तहसीनने वाचलं आणि ती अडखळली. "माती... निजलेली."

मग मागून सुखदेव टेलर म्हणाला, "वैनी, वावरात अंगाई कमी गात जा न!"

समाजमंदिर हसलं. रेणुकाही हसली. न हसून सांगते कुणाला? तेवढ्यात हर्षाची मूठ यंत्रात पडली आणि भिंतीवर हिरवी अक्षरं आली: जागी. तहसीन स्वतःच उठून उभी राहिली. इतकी जागी माती तिने जिल्ह्यात कुठेच पाहिली नव्हती. ती हर्षाला विचारू लागली, तुम्ही काय करता, कसं करता?

"मी काई करतच नाई," हर्षा पदराने नाक पुसत म्हणाली. "मले कटाळा हाय ना!"

पुन्हा सगळे हसले, पण या हसण्याचा वास वेगळा होता. त्यात कौतुक होतं. रेणुकाने आपल्या पोत्याचं तोंड करकचून आवळलं. कष्टाला निजलेली म्हणतात आणि कंटाळ्याला जागी!

त्या दिवसापासून सुना हर्षाच्या बांधावरून जाऊ लागल्या.

रेणुकाला वाटलं होतं, हे चार दिवसांचं असेल. पण मत्सर म्हणजे नखात गेलेलं कुसळ; दिसत नाही आणि काही धरू देत नाही. हर्षाच्या घरून फोडणीचा वास आला तरी तिला वाटे, आज कोण पाहुणं आलं असेल? शहरातल्या कुणी बाईने दुधाच्या पिशवीवर हर्षाचं नाव वाचून तिला फोन केला, "ताई, तुमच्या मातीचे आभार," म्हणाली. हर्षाने तो फोन सगळ्या आळीला ऐकवला. "मी म्हटलं, मातीले सांगते बाप्पा!" रेणुका तेव्हा ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने चांगले दाणे खड्यांबरोबर फेकून दिले.

चैत्रात कंपनीने नवी गोष्ट काढली. निजलेली माती जागी करायची तर तिला जाग्या मातीचं विरजण लावायचं. हर्षाच्या वावरातली टोपलीभर माती घ्यायची, ओल धरून सावलीत ठेवायची, शेणखतात वाढवायची आणि पेरणीच्या वेळी बियाण्यासोबत तासात सोडायची. एकदोन हंगामांत वावर जागं होतं. ज्याने विरजण नेलं त्याची नोंद चुगलीत करायची, म्हणजे त्याच्या दाण्यात हर्षाचा ठसा दिसला तरी यंत्राचा घोटाळा होणार नाही. पुढच्या वर्षापासून निजलेल्या मातीचं सोयाबीन कंपनी घेणार नव्हती.

गावातल्या बाया टोपल्या घेऊन हर्षाच्या वावरात जाऊ लागल्या. हर्षा बांधावर बसून प्रत्येकीला हाताने माती भरून द्यायची.

"आपण बी आणू एक टोपलं," रेणुकाचा नवरा पुरुषोत्तम जेवताना म्हणाला.

"तिच्यापुढं टोपलं धरू? मी?"

"सारं गाव धरून राह्यलं."

"गावाची गोष्ट निराळी. लग्न होऊन आली तेव्हा तिले भाकर थापता येत नव्हती. मी शिकवलं तिले, चुलीपाशी बसून."

"त्याचा अन् मातीचा काय संबंध हाय वं?"

"नाई तं नाई. मी जाणार नाई."

पुरुषोत्तमाने आमटीत भाकर कुस्करली. या दोघींच्या मध्ये बोलणं म्हणजे दोन दगडांच्या मध्ये बोट घालणं, एवढं तो जाणून होता.

मागायचं नव्हतं, पण माती तर हवी होती. वैशाखातल्या एका भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं तेव्हा, रेणुका बांध ओलांडून गेली. कुटाराचा थर बाजूला केला, तर खाली चक्क गारवा. एवढ्या उन्हात! तिने हात आत घातला. माती भुसभुशीत होती आणि तिला पावसानंतर येतो तसा वास होता. रेणुका क्षणभर तशीच बसली. आपल्या वावराला असा वास शेवटचा कधी आला होता, हे तिला आठवेना. ते न आठवल्याचा राग तिने मातीवरच काढला. टोपलं दाबून दाबून भरलं आणि पदराखाली झाकून घरी आणलं.

घरी आल्यावर तिने मातीत पाहिलं तर काय? अर्धवट कुजलेल्या काड्या, पांढऱ्या बुरशीचे धागे, गांडुळं, कसली कसली अंडी. रेणुकाच्या अंगावर काटा आला. विरजण काय असं गबाळ लावतात? विरजणाचं भांडंसुद्धा आधी घासून घ्यावं लागतं. तिने सुपात घेऊन माती पाखडली, चाळणीने चाळली, गांडुळं वेचून उकिरड्यावर टाकली. चाळलेली माती ओलसर होती, आणि ओलसर ठेवलं की कीड लागते, हे तिला आईने शिकवलेलं. तेव्हा घरातल्या प्रत्येक गोष्टीचं ती वैशाखात जे करत आली होती तेच तिने केलं. गच्चीवर कुरडयांच्या शेजारी धोतर पसरलं आणि त्यावर मातीला चांगली कडक उन्हं दाखवली. खणखणीत वाळली, पिठासारखी झाली, तेव्हा डब्यात भरून ठेवली. इतकं स्वच्छ विरजण गावात कुणाचंच नसेल, असं तिला वाटलं.

पेरणीच्या वेळी तिने ते विरजण तासात सोडलं, आणि ते जपायचं म्हणून त्या वर्षी तणनाशकाचा ड्रोन बोलावला नाही. स्वतः विळा घेऊन बसली. पाठ मोडली, तरी तासांतलं तण तिने हाताने काढलं. झाडं बरी दिसू लागली. रोप उपटून पाहिलं तर मुळांना गाठी होत्या. थोड्याच होत्या, पण नखाने फोडल्यावर आतून जिवंत, गुलाबी निघाल्या. तिने त्या तळहातावर घेऊन किती वेळ पाहिल्या. माझ्या आहेत, असं ती मनात म्हणाली. लगेच बांधापलीकडे पाहिलं. हर्षा दिसत नव्हती. तिचं सोयाबीन मात्र कमरेला लागलं होतं.

मळणी झाली. समाजमंदिर पुन्हा भरलं. ज्यांनी विरजण नेलं होतं त्या बहुतेकांची माती पेंगलेलीपर्यंत आली होती, दोघांची तर जागी झाली होती. तहसीन खुशीत होती. रेणुकाच्या पोत्यातली मूठ यंत्रात पडली. घरघर झाली, थांबली, पुन्हा झाली. भिंतीवर अक्षरं उमटली:

हर्षा दिनकर इढोळे. माती आजारी.

"माह्यं नाव काऊन?" हर्षा म्हणाली. "माह्यं पोतं तं अजून मागं हाय."

तहसीनने दुसरी मूठ टाकली. तेच आलं. तिसरी टाकली. तेच. तिचा चेहरा उतरला. लोकांनी विचारलं तेव्हा तिला सांगावं लागलं. पोतं रेणुकाताईंचं, पण आतल्या दाण्यावर ठसा हर्षाताईंच्या मातीचा. रेणुकाताईंनी विरजण नेल्याची नोंद नाही, म्हणजे हा दाणा हर्षाताईंच्याच वावरातला असणार. आणि त्यात नेहमीचे बहुतेक जीव मेलेले दिसतात.

"म्हणजे?" सुखदेव टेलरने विचारलं.

"म्हणजे हर्षाताईंच्या वावराचा एखादा भाग आजारी पडला असेल, आणि तिथला माल त्यांनी... जावेच्या पोत्यातून घातला असेल." तहसीन घाईने म्हणाली, "मी नाही म्हणत, यंत्र म्हणतंय."

समाजमंदिरात कुजबुज सुरू झाली आणि बघता बघता तिचा कालवा झाला. अर्ध्या गावाच्या वावरात हर्षाची माती पडली होती.

"रोगट माती वाटली का वं आम्हाले?" एकजण ओरडली.

"मी कशाले असं करू?" हर्षा म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात विनोद नव्हता. "माह्या वावरात चाला, कोणताबी कोपरा पाहा."

"कोपरा दिसतो कुठी तुया वावरात? जंगल हाय ते!"

हे वाक्य रेणुकाने वर्षभर ऐकलं नव्हतं. ते तिच्या कानात मधासारखं उतरलं. हर्षा घामाघूम झाली होती, पदर सावरत होती, एकेकीकडे वळून सांगत होती आणि कुणी ऐकत नव्हतं. रेणुकाला काहीच करायचं नव्हतं. गप्प बसायचं होतं, बस्स. गप्प बसण्याला कुणी पाप म्हणत नाही. सुना पुन्हा कोणत्या बांधावरून जातील, हेही तिच्या डोळ्यांसमोर आलं. पुरुषोत्तम तिच्याकडे पाहत होता. त्याने गच्चीवरचं धोतर पाहिलं होतं. पण तो बोलणाऱ्यांतला नव्हता.

"ठीक आहे," तहसीन यंत्राशी खाटखुट करत म्हणाली. "चौकशी होईपर्यंत हर्षाताईंचं विरजण बंद. आणि ही पोती हर्षाताईंच्या नावावर टाकते. रेणुकाताईंच्या वावरात यंदा पीक नाही, असं धरू."

"काय धरू?" रेणुका म्हणाली.

"यंदा तुमचं पीक नाही, असं."

रेणुका उठून उभी राहिली. मधासारखं जे काही उतरलं होतं, ते एका क्षणात आंबलं. कमरेत वाकून काढलेलं तण, सोललेली बोटं, तळहातावरच्या गुलाबी गाठी, सगळं हर्षाच्या नावावर? दुधाच्या पिशवीवर हर्षा, फोनवर हर्षा, आणि आता रेणुकाच्या पोत्यातही हर्षाच?

"ते सोयाबीन माह्यं हाय," ती म्हणाली.

"पण ठसा..."

"ठसा गेला खड्ड्यात! पेरलं मी, निंदलं मी, सोंगलं मी. दाणा अन् दाणा माह्या हातचा हाय. त्यातला एक बी तिच्या नावावर जाऊ देणार नाई मी!"

"मग हर्षाताईंचा ठसा आला कुठून?"

रेणुकाने एकदा हर्षाकडे पाहिलं. ती आता तिच्याकडेच टक लावून पाहत होती.

"चोरला," रेणुका म्हणाली. "वैशाखात तिच्या वावरातून टोपलंभर माती चोरली. पण सोयाबीन नाई चोरलं. सोयाबीन माह्यं हाय."

तहसीनने तिला बाजूला बसवून एकेक गोष्ट विचारली, आणि पाखडणं, चाळणं, गच्चीवरचं धोतर सगळं बाहेर आलं. ऐकता ऐकता तहसीनचे डोळे मोठे झाले. कडक उन्हात कोरडी ठणठणीत वाळवल्यावर नाजूक जीव सगळेच मेले होते. फक्त कवच पांघरून झोपणारे काही टणक जीव उरले होते. रेणुकाचं वावर आधीच निजलेलं, म्हणजे ओस पडलेल्या गावासारखं. त्यात शिरलेल्या या मूठभरांना कुणी अडवणारं नव्हतं. तेच पसरले आणि दाण्यात तेच चढले. यंत्राला वाटलं, हे हर्षाचंच वावर आहे आणि मरायला टेकलंय.

"म्हणजे माह्या मातीले रोग नाई?" हर्षाने विचारलं.

"काही नाही."

हर्षाने मोठा श्वास सोडला. मग ती कमरेवर हात ठेवून मोठ्या जावेसमोर उभी राहिली.

"बाई, चोरली ते चोरली. पण धुऊन काऊन नाई घेतली? तेवढंच राह्यलं होतं!"

सगळं समाजमंदिर खदखदून हसलं. तहसीनलाही हसू आवरेना.

"इचारलं असतं तं सांगितलं असतं, सावलीत ठेवा म्हणून," हर्षा म्हणाली.

"तुले इचारलं असतं तं ते चोरी कशाची?"

"हेबी खरंच." हर्षाने पदर खोचला. "उद्या या टोपलं घेऊन. साऱ्यांच्या समोर देते. दोन सालात तुमची बी जागी होईल."

ती हे चांगल्या मनाने म्हणाली की लोकांना दाखवायला, ते रेणुकाला कळलं नाही. कदाचित हर्षालाही कळलं नसेल. रेणुकाने तहसीनला विचारलं, "तिचं विरजण नेलं तं माह्या दाण्यावर ठसा कोनाचा राहीन?"

"हर्षाताईंचा थोडा राहीलच. नेहमीसाठी."

"अन् नाई नेलं तं?"

"तर तुमची माती आपली आपण जागी व्हायला हवी. होते. तुमच्याच बांधावर, झाडांच्या मुळाशी तुमचे जुने जीव अजून असतील. ते हळूहळू परत येतात, या चोरून आणलेल्यांना मागे सारतात. पण वेळ लागतो. चार वर्षं, पाच वर्षं. तोपर्यंत कंपनी तुमचं सोयाबीन घेणार नाही, बाजारात मिळेल त्याला द्यावं लागेल. आणि रान असं..." ती शब्द शोधू लागली, "असं आवरून ठेवायचं नाही, ताई. कुटार पडू द्यायचं, थोडं तण राहू द्यायचं. हात आवरायचा."

रेणुकाने पुरुषोत्तमाकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले, म्हणजे तू म्हणशील तसं.

"मी टोपलं नाई आणणार," रेणुका म्हणाली. "माही मी जागी करीन."

पुढच्या श्रावणात रेणुका इढोळेच्या वावराकडे पाहून लोक थांबत. सोयाबीनच्या तासांत गेल्या वर्षीचं कुटार कुजत पडलं होतं. मध्ये मध्ये तुरी होत्या, बांधावर तरोटा आला होता, आणि तासाच्या कडेला केन्याचं तणही दिसत होतं. सुखदेव टेलरची बायको सुनेला घेऊन चालली होती. ती सुनेला हळूच म्हणाली, पण रेणुकाला ऐकू जाईल इतकं हळूच, "पाह्य वं माय, काय दशा झाली!"

रेणुकाचा हात आपोआप विळ्याकडे गेला. केन्याच्या बुडाशी तिने तो टेकवला. हे एक झाड उपटलं तर काय होतंय? एकच तर आहे. तिची बोटं शिवशिवत होती. आयुष्यभराची सवय बोटांतच असते, डोक्यात नसते.

बांधापलीकडे हर्षा वाकली होती. तिच्याकडचा केना चांगला गुडघाभर माजला होता.

रेणुकाने विळा बाजूला ठेवला. केन्याच्या पानांवर उडालेला चिखल तिने बोटाने पुसला.

"वाढ," ती त्याला म्हणाली. "पण तिकडच्याहून एक बोट जास्त वाढजो."